रघू, कौल उजवा होता

रघू, मेल्या, तुला माहीत होतं.

नऊ वर्षं तू टेम्पोत माझ्या शेजारी बसलास, माझ्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून खाल्लीस, माझ्या ठेक्यावर गायलास, आणि एका शब्दानं बोलला नाहीस. परवा, तुझं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी देवळात गेलो. म्हटलं, तू होतास तोवर जमलं नाही, आता तरी मन मोकळं करावं. गुरवकाकांसमोर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं, की त्या वेळी देवानं उजवा कौल दिला होता आणि मी रघूला डावा सांगितला. काका फुलं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "ता रघूक तवाच ठावक होता."

मला आधी राग आला. अजूनही आहे. माणसानं नऊ वर्षं पोटात काटा घेऊन फिरायचं आणि शेवटी कळायचं की शेजारी बसलेल्याला तो काटा दिसत होता, आणि तो खुशाल खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता.

मी हे शाळेतल्या मराठीत लिहितोय म्हणून तू हसशील. हस. इनास म्हणतो, हे कुठेतरी छापायला देऊ, म्हणून बाहेरच्या माणसांसाठी दोन ओळी लिहितो आणि पुन्हा तुझ्याकडे येतो. आमच्याकडे काही मोठं ठरवायचं असलं की गावच्या देवाला विचारतात. गुरव पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. रघू, व्हायोलिन वाजवणारा इनास आणि मी, आमचा तिघांचा बँड होता. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं रघूला गायला बोलावलं होतं, एकट्याला. जाऊ का, हे देवाला विचारायला मी गेलो. देव हो म्हणाला. मी येऊन सांगितलं, नाही म्हणाला.

झाली गोष्ट ही एवढी. मी तुझं आयुष्य चोरलं, की तू ते मला आपणहून दिलंस, हे मला कळायला हवं. आणि मंगलला हे सांगायचं की नाही, तेही ठरवायचं आहे. ती तुझी बायको. तिला यातलं काहीच माहीत नाही, निदान मी तरी तसं समजून चाललोय.

अठ्ठ्याण्णव साली आपण तिघं निघालो तेव्हा आपल्याकडे होतं काय? तुझी गिटार, इनासचं चर्चमधलं व्हायोलिन आणि माझे अर्धे ड्रम. अर्धेच, कारण उरलेले कधी आलेच नाहीत. टेम्पो माझ्या बाबांचा. वैशाखात तो देवगडहून आंब्याच्या पेट्या वाहायचा, बाकीचे महिने दारात उभा. तू भावाच्या होडीवर जायचास, इनास चर्चमध्ये पोरांना वाजवायला शिकवायचा. म्हणजे आपला बँड चालायचा तो नवरात्र ते शिमगा. तुझा भाऊ तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही, कारण ऐन हंगामात मी त्याचा जाळ्यावरचा माणूस पळवायचो. तुझ्या बाराव्याला मात्र त्यानंच मला पानावर बसवलं आणि भात वाढला.

नावावरून केवढा वाद. इनासला इंग्रजी नाव हवं होतं. मला आपलं साधंसं, लोकांना वाचता येईल असं. तू म्हणालास, "मतलई." पहाटे जमिनीकडून दर्याकडे सुटतो तो वारा, होड्यांना बाहेर नेणारा. "आमका बाहेर जावचा आसा मा? मगे ह्याच नाव," असं म्हणालास आणि वाद संपला. पेंटरनं टेम्पोच्या दारावर नाव घातलं आणि खाली आपल्या मनानं, फुकटात, एक पापलेट काढून दिलं. पुढं दोन वर्षं आपल्याला नाक्यानाक्यावर लोक थांबवायचे आणि भाव विचारायचे. तू एकालाही नाराज केलं नाहीस, प्रत्येकाला भाव सांगितलास.

ड्रमला धक्के बसू नयेत म्हणून मी ते आंब्याच्या पेटीतल्या गवतात बांधायचो. घाट चढून वर गेल्यावर खोकं उघडलं की ऐन थंडीत हापूसचा वास यायचा. कोल्हापूरच्या अलीकडच्या त्या गावात नवरदेवाच्या काकांनी आधी तोच हुंगला, आणि मग विचारलं, "बाकीची माणसं कुठायत?" त्यांनी फोनवर बँड सांगितला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर लाल कोटवाले, पितळी वाजंत्रीवाले बारा जण होते. आणि आपण तिघं, चुरगळलेल्या शर्टात. मी पळवाट शोधत होतो. तू शांतपणे म्हणालास, "बाकीचे नाहीत. आम्हीच आहोत. चला, घोडा कुठाय?"

वाचक हो, आम्ही वरातीत चाललो. मी ड्रम गळ्यात अडकवला. इनास रस्त्यावर चालता चालता व्हायोलिन वाजवत होता, त्याची हनुवटी सोलून निघाली. गिटार काही ऐकू जाईना, तेव्हा तू ती पाठीवर टाकलीस आणि दीड तास नुसत्या गळ्यानं गायलास. तेही काय, तर मंगलवरचं गाणं. तिला माशांची पाटी घेऊन एसटीत चढू दिलं नव्हतं त्यावर तू केलेलं. "पाटयेत माझ्या सुरमय निजली, कंडक्टरा, हळू बोल." घाटावरच्या त्या बायका एक शब्द न कळता अशा नाचल्या की घोडा बिथरला. परतताना तू मला कोपर मारलंस. "बघलंस? समजावन सांगूची गरज पडली?"

हा आपला वाद नंबर एक. पुण्याच्या त्या कॉलेजात मी प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं बोलायचो, हे गाणं कशावर आहे, या शब्दाचा अर्थ काय. तुला ते खपायचं नाही. "गाण्याक कुबडी कित्याक देतंस? तेका पाय आसत." मी म्हणायचो, अरे, पाय आहेत, पण रस्ता नवा आहे. तुझं म्हणणं, मग पडू दे एकदा, उठेल. आता तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस. मी बरोबर होतो. त्या पुण्याच्या पोरांना मतलई म्हणजे काय ते मी सांगितलं म्हणूनच ती शेवटपर्यंत बसली.

दुसऱ्या वादात तू बरोबर होतास. तू म्हणायचास, घराकडे तोंड झालं की माझा हात धावतो. जाताना मी ठेका धरून वाजवतो, आणि परतीच्या वाटेवरच्या गावात, कुडाळ असो की कणकवली, गाणं हळूहळू पळायला लागतं. मी कधी कबूल केलं नाही. इनासनं एकदा घड्याळ लावून ऐकवलं तेव्हा मी म्हटलं, घड्याळ पुढं असेल.

आणि तिसरा वाद सिनेमाच्या गाण्यांचा. माझं सरळ म्हणणं होतं. लोकांना दोन ओळखीची गाणी वाजवून दाखवली की तिसरं आपलं ऐकतात. लग्नात, गॅदरिंगला, हॉटेलात फर्माईश येणारच. तू चिडायचास. "ती ऐकूक कॅसेट आसा मा. माणसांक दीडशे मैल खुळखुळवन कित्याक आणतंस?" तीन वर्षं हे चाललं. मी ऐकायचो नाही, कारण गाडी माझी, चालवणारा मी, आणि कार्यक्रम ठरवणाराही मी. हो, मी जरा हुकूमशहा होतो. कुणीतरी असावाच लागतो.

मग कुडाळचा तो कार्यक्रम झाला. मुंबईचा तो माणूस पहिल्या रांगेत बसला होता, गाणी झाल्यावर सरळ तुझ्याकडे आला. माझ्याशीही अगदी गोड बोलला. म्हणाला, वाजवणारे आमच्याकडे आहेत, आम्हाला गळा हवाय. पंधरा दिवसांत फोन करा. दुसऱ्या दिवशी येताना आपण नेहमीसारखे धामापूरला थांबलो, तळ्यावर तोंडं धुतली. तिथं तू सांगितलंस. इनास ताबडतोब म्हणाला, "जा." त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी ओल्या तोंडानं म्हटलं, "देवाक इचार."

रघू, ते काही भक्तीनं म्हटलं नव्हतं. तुझ्या घरात कौल घेतल्याशिवाय हंगामातली पहिली होडी पाण्यात जात नाही, हे मला ठाऊक होतं. माझं म्हणणं तू टाळशील, देवाचं टाळणार नाहीस. मला वेळ हवा होता, आणि आत कुठंतरी वाटत होतं की देव माझ्या बाजूचा असेल.

दोन दिवसांनी तुझे चुलते वारले. बारा दिवसांचं सुतक, देवळात पाय ठेवायचा नाही. मला निरोप पाठवलास. मी तोंडवलीला तुझ्या घरी आलो तेव्हा तू ओट्यावर बसला होतास. म्हणालास, "दत्त्या, माका जावक गावाचा नाय. तू जा. नीट इचार." तू माझ्यावर विश्वास टाकलास असं मी लिहीत होतो, पण ते खोडलं. विश्वास टाकावा लागतो तो परक्यावर. तू मला पाठवलंस, जसा आपला हात पुढं करावा तसा.

दुपारची वेळ. देवळात काका आणि मी. त्यांनी पाकळ्या भिजवल्या, लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं. तुझं नाव घेतलं, मुंबईचं घेतलं, जावं की न जावं ते देवाला विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. मी अजून नीट हातसुद्धा जोडले नव्हते. काका म्हणाले, "उजवो. जाऊ दे तेका."

देवळापासून तुझ्या घरापर्यंत सुरूच्या झाडांतून पंधरा मिनिटांची वाट. मी ती अर्ध्या तासात चाललो. तुला खोटं सांगायचं असं ठरवून निघालो नव्हतो. निघताना मी खरं सांगणारच होतो. चालता चालता मला एकेक दिसायला लागलं. तू गेलास की इनास चर्चमध्ये असेल, तू मुंबईत असशील, आणि मी आंब्याच्या पेट्या वाहणारा दत्तू होईन, माझ्या बाबांसारखा. मी भ्यालो. दुसरं काही कारण नव्हतं. तुझ्या अंगणात पोचेपर्यंत माझ्या तोंडात दुसराच शब्द तयार होता.

"डावो."

"खरा?"

"खरा."

तू मान हलवलीस आणि समोर बघत राहिलास. आत मंगल तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मला उंबऱ्यावरून दिसलं. ते मी पाहिलंच नाही असं धरून मी नऊ वर्षं काढली.

सुतक फिटलं त्याच दिवशी दुपारी आपल्याला देवगडला जायचं होतं, कार्यक्रम होता. आणि मुंबईला फोन करायचीही ती शेवटचीच तारीख. मी टेम्पो घेऊन आलो तर तू देवळाच्या बाजूनं चालत येत होतास, कपाळाला अंगारा. मला वाटलं, देवाचा नकार मानून, पाया पडून आलास. बिचारा, असंही वाटलं. मालवणात आपण एसटीडी बूथपाशी थांबलो. तू काचेच्या आत, मी बाहेर, इंजिन चालू ठेवून. तू फार बोलला नाहीस. मध्येच हसलास. फोन ठेवलास, येऊन बसलास. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय म्हणतले? बरा म्हणाले."

आचऱ्याचा पूल ओलांडला, मागं सामानापाशी इनास झोपला होता. मग तू खिडकीबाहेर बघतच म्हणालास, "दत्त्या, आज पिच्चरचा एकय गाणा नाय. आणि आजपासना कधीच नाय."

तीन वर्षं मी ज्यावर भांडलो, त्यावर मी एका शब्दात म्हटलं, "बरा."

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. "बरा?"

"बरा म्हटलंय मा."

तू हसलास. मला वाटलं, माझ्या मोठेपणाला हसलास. आता काकांनी सगळं सांगितल्यावर तो चेहरा पुन्हा आठवतो. त्या दिवशी तू देवळात गेलास तेव्हा काकांनी तुला विचारलं होतं, "मगे? कधी निघतंस मुंबयक?" तू म्हणे आधी अंगारा लावून घेतलास. मग म्हणालास, "काका, दत्त्यान माका डावो सांगल्यान." काका म्हणाले, "आजून येळ आसा. जा." आणि तू म्हणालास, "ह्या हयसरच रवांदे." काकांनी ते तिथंच राहू दिलं, तू जाईपर्यंत.

म्हणजे देवानं सोडलं होतं, फोन तुझ्या हातात होता, आणि माझं खोटं तुझ्या खिशात. तुला दोन शब्द बोलायचे होते, येतो म्हणून. तू ते बोलला नाहीस आणि माझ्या टेम्पोत येऊन बसलास. आणि बसल्या बसल्या माझ्याकडून तुला हवं ते कबूल करून घेतलंस, कारण आज दत्त्या कशालाच नाही म्हणू शकत नाही हे तुला पक्कं कळलं होतं. असला लबाड माणूस मी सगळ्या किनाऱ्यावर पाहिला नाही.

त्या दिवशी देवगडात आपण आपटलो. चार गाण्यांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या ठिकाणीही तेच. पण पुढच्या दिवाळीला लोक यायला लागले, ते तुझी गाणी मागत. बर्फाच्या कारखान्यावरचं, आंब्याची पेटी भरणाऱ्या आजीवरचं, आणि कंडक्टरचं तर प्रत्येक गावात दोनदा. कणकवलीला एक कंडक्टर कार्यक्रमानंतर मुद्दाम भेटायला आला आणि गंभीरपणे म्हणाला, "मी तो नव्हे." तू त्याला मिठी मारलीस. वेंगुर्ल्याच्या बाजारात एक बाई मासे कापता कापता तुझी ओळ गुणगुणत होती, आणि तू माझा दंड असा आवळलास की वळ उठला. त्या वर्षांत तू जितकं चांगलं लिहिलंस तितकं तुला कुठल्या स्टुडिओत सुचलं नसतं. हे मी ठामपणे सांगतो. स्वतःच्या बचावासाठीही सांगत असेन, पण खोटं नाही.

दुसरी बाजूही लिहितो. तुझं नाव घाटापलीकडे फारसं गेलं नाही. चाळिसाव्या वर्षीही तू पहाटे जाळं ओढून दुपारी गायला यायचास, आणि दोन गाण्यांनंतर तुझा आवाज फाटायचा. रत्नागिरीच्या अलीकडे एका टपरीवर आपण चहा घेत होतो, टपरीवाल्यानं कॅसेट लावली होती. आपल्याच बाजूचा कुणी पोरगा, त्याच मुंबईच्या कंपनीसाठी गायलेला. तू खाली मान घालून पूर्ण गाणं ऐकलंस. चहा संपवलास. "बरो गाता," म्हणालास आणि उठलास. त्या दिवशी मी तुला सांगायला हवं होतं. मी टेम्पोच्या टायरमधली हवा तपासत बसलो.

भाद्रपदात तुला ताप आला आणि चौथ्या दिवशी तू गेलास. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तापाचं आणि या गोष्टीचं काही नातं नव्हतं.

तर हे असं आहे. काल दुपारी इथवर लिहिलं आणि मला बरं वाटलं. तू मला माफ केलं होतंस, तेही न मागता. मी चोरलं नव्हतं, तू दिलं होतंस. दोन मित्रांमधली गोष्ट दोन मित्रांत मिटली. मी इनासलाही तसंच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंगलक सांगलंस?"

आज सकाळी मालवणच्या मासळी बाजारात गेलो. मंगल कालपासून पुन्हा बसायला लागली आहे. घरात बसून काय करू, म्हणते. मी तिच्या पाटीसमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. पाकळी, सुरूच्या झाडांतली वाट, माझा शब्द, तू देवळात गेलास ते, फोन. मी सांगत असताना तिनं तीन बांगडे कापून दिले. गिऱ्हाईक गेलं. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, "देवाक इचारलात. गुरवाक ठावक, तेका ठावक, तुमका ठावक. माका कोणी इचारूक नाय."

"वैनी, तेव्हा..."

"तुमी डावो सांगलात. त्याणां उजवो लपवल्यान. दोघांनी मिळान माझा काय ता ठरवलात, भावजी. माका इचारला असता तर मी सांगलं असतंय, जा म्हणान." तिनं विळीवर पाणी ओतलं. "आणि मी पण गेलं असतंय. थंयसर पण मासे इकतत."

काल मी मोठ्या समाधानानं लिहिलं होतं, दोन मित्रांची गोष्ट. ती दोघांची कधीच नव्हती. पावसाळ्यात होड्या बंद असताना, शिमग्यापर्यंत आपण गावोगाव हिंडत असताना, डोक्यावर पाटी घेऊन ती एसटीच्या दारात उभी होती. तिच्यावर तू गाणं केलंस, मी त्यावर ठेका धरला, घाटावरच्या बायका त्यावर नाचल्या. तिला जायचंय का, हे तू विचारलं नाहीस आणि मी विचारू दिलं नाही. तुझं मोठं मन मी काल किती वाखाणलं. आज तुझ्यावरही रागावलोय, रघू. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात. तू ऐकून घे.

एक गोष्ट राहिली. देवगडचा कार्यक्रम तू असतानाच ठरला होता, येत्या नवरात्रात. त्यांचा निरोप आलाय, येताय ना? इनास म्हणतो, तो गातो. मी जायचं ठरवूनच टाकलं होतं. आमंत्रण घेतलं होतं, टेम्पोचं तेल बदललं होतं, आणि आज बाजारात मंगलला तारीख फक्त कळवणार होतो. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतोय.

म्हटलं, "वैनी, देवगडाक कार्यक्रम आसा. रघूची गाणी घेवन जावचा काय? तुमी सांगा."

तिनं हात थांबवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी थट्टा करतोय का ते बघत असावी. एक बाई सुरमईचा भाव विचारून गेली, तिलाही तिनं उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "उद्या सांगतंय."

इनासचे तेव्हापासून दोन फोन येऊन गेले. तो विचारतो, काय म्हणाली? मी सांगितलं, अजून काही नाही. हो म्हणेल, असं माझं मन सांगतं. पण माझं मन काय काय सांगतं ते मला आता चांगलं ठाऊक आहे. उद्या सकाळी मी बाजारात जाईन. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि रघू, ती जे म्हणेल तेच मी इनासला सांगेन.